बहात्तर तास

औषध घेतलं नाही, तर एचआयव्हीची लागण झाल्यापासून एड्स होईपर्यंत साधारण आठ ते दहा वर्षं जातात. म्हणून हा सावकाशीचा आजार आहे, असं आपण धरून चालतो. पण ज्या एका घटनेमुळे हा विषाणू शरीरातून पुन्हा कधी निघत नाही, ती पहिल्या तीनेक दिवसांतच घडून जाते. तेव्हा ताप नसतो, दुखणं नसतं, रक्ताच्या कुठल्याही तपासणीत काही दिसत नाही. आणि तिला अडवता येतं तेही याच तीन दिवसांत. एड्सपर्यंतच्या त्या दहा वर्षांपेक्षा मला या तीन दिवसांची जास्त धास्ती वाटते, कारण ते आपण आपल्या हातांनी घालवतो.

पुढे येणारी सिस्टर कुणी एक व्यक्ती नाही. वॉर्डांमध्ये घडत असतात त्या प्रसंगांवरून ती उभी केली आहे. विषाणूचा हिशेब मात्र प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि माकडांवर शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. माणसागणिक त्यात काही तास इकडेतिकडे होणारच.

शुक्रवार, पहाटे पावणेतीन. तास शून्य

पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. नाइटला दोन सिस्टर, एक मावशी आणि पन्नासेक पेशंट. अकरा नंबरच्या पेशंटची शीर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा टोचल्यावर रक्त मिळालं. तेवढ्यात मावशीची हाक आली, "सिस्टर, बाराचं सलाइन संपलं हो." सिस्टरने घाईत सुईचं टोपण परत लावायला घेतलं. सुई टोपणाच्या कडेवरून घसरली आणि हातमोजा फोडून डाव्या तर्जनीत गेली. रबराच्या आत रक्ताचा लाल ठिपका पसरला.

वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती थेट सुई कापणाऱ्या हब कटरमध्ये घालायची, हे तिला पाठ होतं. पाठ सगळ्यांनाच असतं. पहाटे पावणेतीनला, पन्नास पेशंटांमध्ये, हात जुन्या सवयीने चालतो.

तिने बोट नळाखाली धरून दाबून दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं. दोन्ही करायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच. बोट दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. मग तिने अकरा नंबरचा केसपेपर उघडला. पेशंट एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर होता, पण पाच महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या सोडल्या होत्या. म्हणजे विषाणू रक्तात मोकळे फिरत असणार.

"काय झालं गं?" दुसऱ्या सिस्टरने विचारलं.

"काही नाही. टोपण लागलं."

इथे एक आकडा सांगायलाच हवा. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई अशी हजार वेळा टोचली, तर लागण होते साधारण तिघांना. म्हणजे बहुतेक वेळा काहीच होत नाही. रक्ताने माखलेली पोकळ सुई, थेट शिरेतून आलेली, खोल गेलेली आणि पेशंटचा आजार वाढलेला असेल, तर धोका वाढतो. पण आपण त्या तिघांत आहोत की नाही, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही. पुढचा घटनाक्रम त्या तिघांपैकी एकीचा आहे.

पहिला तास

बोटाच्या कातडीखाली विषाणू उतरले आहेत. एचआयव्हीचा एक कण एवढा लहान की एका मिलिमीटरच्या रेषेत दहा हजार कण ओळीने मावतील. त्याच्या स्निग्ध आवरणावर डझनभर खुंट्या असतात, पोटात शंकूच्या आकाराची एक कुपी आणि कुपीत आरएनएच्या दोन प्रती. एकेका प्रतीत साधारण ९,७०० अक्षरं. एवढ्या मजकुरात अवघे नऊ जनुक बसतात, आणि ते पुरतात.

कातडीत आणि अंतर्त्वचेत डेंड्रायटिक पेशी असतात. बाहेरून आलेलं काहीही धरायचं आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशींना दाखवायचं, हे त्यांचं काम. त्या एचआयव्हीलाही धरतात. दुर्दैव असं की या विषाणूला जायचं असतं तिथेच, टी-पेशींच्या गर्दीत. शरीराची संरक्षणाची सोयच त्याला पोचवायला निघते.

पहाटे पावणेपाच. तास २

पेप, म्हणजे संपर्कानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध, शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करावं असं शास्त्र सांगतं. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं आता एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी, २८ दिवस. पहिल्या गोळीसाठी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायची नसते. आधी गोळी, मग रक्त, मग समुपदेशन.

ही गोळी खालच्या मजल्यावर, कॅज्युअल्टीच्या कपाटात आहे. दोन जिने उतरायचे. ती उतरत नाही.

का, हे समजून घेताना तिला बेजबाबदार म्हणणं मला जमत नाही. ती कंत्राटावर आहे. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं आहे. नोंद केली की रजिस्टरमध्ये नाव जाईल, कॅज्युअल्टीचे डॉक्टर विचारतील, टोपण लावलंसच का म्हणून ओरडतील, दुपारपर्यंत सगळ्या हॉस्टेलला कळेल. खरं तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तिच्या बाजूचा आहे. अशा कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधनं, प्रशिक्षण आणि पेप पुरवणं हे संस्थेचं कर्तव्य आहे, आणि एचआयव्हीवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून हा कायदा लागू झाला. तिला तो कुणी सांगितलेला नाही.

सकाळ. तास ४ ते १०

ड्यूटी संपली. हॉस्टेलवर जाऊन ती झोपली.

बोटाच्या आसपास एका विषाणूला हवी ती पेशी सापडली आहे. खुंटीवरचं जीपी-१२० नावाचं प्रथिन पेशीवरच्या सीडी-४ नावाच्या रेणूला चिकटतं. तेवढ्याने भागत नाही, सीसीआर-५ नावाचा दुसरा रेणूही लागतो. दोन्ही जुळले की विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं आणि कुपी आत सरकते. उत्तर युरोपातल्या शंभरातल्या एखाद्या माणसाच्या दोन्ही प्रतींमध्ये सीसीआर-५ चा जनुक जन्मतःच मोडका असतो, आणि बहुतेक एचआयव्ही त्याच्या पेशीत शिरूच शकत नाहीत. टिमोथी रे ब्राऊन हा बर्लिनमध्ये उपचार घेणारा अमेरिकन पहिला पूर्ण बरा झालेला रुग्ण ठरला, तो अशाच एका दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींमुळे. त्याला त्या दिल्या होत्या रक्ताच्या कर्करोगासाठी. आपल्याकडे हा मोडका जनुक जवळपास आढळत नाही.

आत शिरल्यावर विषाणूचं खरं काम सुरू होतं. आपल्या पेशींत डीएनएवरून आरएनए तयार होतो. हा विषाणू उलटा जातो, आरएनएवरून डीएनए लिहितो. असं करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये वेगवेगळं शोधलं. त्याआधी ही गोष्ट बहुतेकांना अशक्य वाटत होती. हे विकर घाईचं आणि चुका करणारं आहे, दर दोन-चार प्रतींमागे एखादं अक्षर चुकतंच. या चुकांमुळेच विषाणू सतत बदलत राहतो आणि त्यावरची लस चाळीस वर्षं हाती लागलेली नाही.

हे लेखन काही तास चालतं. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन नेमके इथे घुसतात. ती खोटी अक्षरं आहेत. विकराने चुकून त्यातलं एक उचलून लावलं, की पुढचं अक्षर जोडायला जागाच उरत नाही आणि प्रत अर्धवट राहते. गोळी पोटात असती, तर शुक्रवारी दुपारपर्यंत सिस्टरच्या त्या पेशीत अर्धवट कागदांचा ढीग पडला असता.

शुक्रवार रात्र. तास १५ ते २४

कुपी पेशीच्या केंद्रकात पोचते. ती वाटेत बाहेरच उघडते असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. अलीकडे दिसलं की ती बहुधा अखंडच आत जाते आणि आत गेल्यावर फुटते. तिच्या भिंतीत साधारण पंधराशे प्रथिनं असतात. याच भिंतीवर नेम धरणारं लेनाकापाव्हिर हे औषध लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदा टोचून घेता येतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामध्ये ते २,१३४ स्त्रियांना दिलं. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यापैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. ही बातमी आपल्याकडे पहिल्या पानावर यायला हवी होती.

आता इंटिग्रेज नावाचं विकर माणसाच्या डीएनएला चीर देतं आणि विषाणूची प्रत त्यात जोडून टाकतं. डोल्युटेग्राव्हिर याच विकराचा हात धरतं. या पायरीपर्यंत विषाणू म्हणजे बाहेरून आलेली वस्तू होती, हाकलता येण्यासारखी. जोड पक्का झाला की ती पेशी जिवंत असेपर्यंत तो तिच्या डीएनएचा भाग असतो. ही पेशी विभागली, तर तिच्या दोन्ही लेकींमध्ये जातो.

बहुतेक पेशी यानंतर नवे विषाणू बनवत एक-दोन दिवसांत मरून जातात. थोड्या मात्र मरत नाहीत. टी-पेशींपैकी काही झालेल्या आजाराची आठवण धरून वर्षानुवर्षं विश्रांतीत राहतात. विषाणूची प्रत अशा पेशीत गेली, तर तीही गप्प बसते. विषाणू बनत नाही, म्हणून संरक्षक पेशींना ती दिसत नाही. औषधंही तिच्यावर चालत नाहीत, कारण सगळी औषधं चालू कामात खोडा घालणारी आहेत आणि इथे काम बंद आहे. मी ज्याला अनर्थ म्हणतो तो हा.

शनिवार. तास २४ ते ४८

दुसरा शनिवार. ओपीडी बंद.

डेंड्रायटिक पेशी आपलं ओझं घेऊन लसिकावाहिन्यांतून वर निघाल्या आहेत. कोपराजवळ, मग काखेत, जिथे जखम चिघळली की अवधाण येतं त्याच गाठींत त्या पोचतात. अजून गाठ सुजलेली नाही, दुखतही नाही. पण आत टी-पेशी दाटीवाटीने बसल्या आहेत आणि पहिल्या पेशीतून सुटलेले नवे विषाणू त्यांच्यात मिसळू लागले आहेत. पेशीत शिरण्यापासून नवे विषाणू बाहेर पडेपर्यंत एक दिवस, फार तर दोन. मग पुढची पिढी.

औषधाला मुदत का असते, हे माकडांवरच्या प्रयोगांतून समजलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत मकाक माकडांना एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही टोचून मग टेनोफोव्हिर दिलं. २४ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस दिलेली माकडं वाचली. उशीर झाला किंवा दिवस कमी केले, तसतसं संरक्षण घटत गेलं. २८ हा आकडा तिथून आला. माणसांवर असा प्रयोग करणं शक्यच नव्हतं. पण १९९७ मध्ये सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की नुसतं झिडोव्हुडिन हे एकच औषध घेतलेल्यांमध्येही लागणीची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी होती.

सिस्टरने शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "७२ तास असतात ना? सोमवारी एआरटी सेंटरला जायला सांग तिला."

तिला निदान तासांचं भान तरी आहे. ज्यांना घड्याळ सुरू झाल्याचंच माहीत नसतं त्यांचं काय? भारतातली बहुतेक लागण स्त्री-पुरुष संबंधांतून होते, आणि आपल्याकडच्या असंख्य बायकांना ती घरातच, लग्नाच्या नवऱ्याकडून झाली. त्यांच्यासाठी कुठलीच रात्र तास शून्य नव्हती. पहिल्या बाळंतपणात रक्त तपासलं तेव्हा कळलं. आणि जिच्यावर बलात्कार झाला आहे तिचं घड्याळ तर पोलीस ठाण्याच्या बाकड्यावरच चालू असतं. कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, तिच्यावर तातडीने मोफत उपचार करायचे, हे कायद्याने बंधनकारक आहे. पेप हा त्या उपचारांचाच भाग आहे. ते मागावं लागू नये.

रविवार. तास ४८ ते ७२

किती लवकर म्हणजे पुरेसं लवकर? अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये २०१० साली जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांनी तीन औषधं सुरू केली होती. आईला एचआयव्ही असल्याचं प्रसूतीच्या वेळीच कळलं होतं. दीड वर्षाने आईने बाळाची औषधं थांबवली, तरी त्या मुलीच्या रक्तात विषाणू सापडेना. जगभर आशा पल्लवित झाली. सत्तावीस महिने ती औषधाविना होती. जुलै २०१४ मध्ये विषाणू परत आला. तीस तासही उशिराच ठरले होते.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसआयव्हीची लागण दिल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे रक्तात विषाणू दिसण्याच्याही आधी, पूर्ण औषधं सुरू केली. सहा महिने दिली. रक्तात कधीच विषाणू दिसला नाही. औषधं थांबवली आणि तो सगळ्यांत परत आला. म्हणजे रक्त स्वच्छ असतानाच, तीन दिवसांत, गप्प पेशींचा साठा बसलेला होता. विरजणाचं भांडं कितीही विसळलं, तरी कडेला राहिलेल्या थेंबाने पुढचं दूध लागतंच, तसा हा साठा.

सिस्टरने रविवारी कपडे धुतले. आईचा फोन आला, हॉल बुक झाल्याचा. रात्री उशिरापर्यंत ती जागीच होती. सोमवारी दहाला एआरटी सेंटर उघडलं की आधी तिथेच जायचं, असं तिने ठरवलं.

सोमवार, पहाटे पावणेतीन. तास ७२

७२ तासांनंतर पेप सुरू करत नाहीत, कारण त्यानंतर त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही.

सोमवार, सकाळी दहा. तास ७९

एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "शुक्रवारीच कॅज्युअल्टीत का नाही गेलात?" त्यांनी रक्त घेतलं. निगेटिव्ह आलं. यायचंच होतं, कारण हा रिपोर्ट शुक्रवारच्या आधीचा हिशेब सांगतो. सहा आठवड्यांनी परत बोलावलं.

यापुढे तास मोजायचे नाहीत

साधारण दहाव्या दिवसानंतर विषाणूचा आरएनए रक्तात सापडू लागतो, पण तीही महागडी तपासणी केली तर. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरला ताप आला, घसा धरला, अंगावर पुरळ उठलं. पावसाळ्याचे दिवस होते, डेंग्यूची तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली आणि "व्हायरल आहे" म्हणून पॅरासिटामॉल मिळालं. व्हायरल होतंच. या आठवड्यांत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूंची संख्या दहा लाखांच्या वर जाऊ शकते. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशींचा मोठा भाग याच काळात नष्ट होतो. माणूस दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता या काळात फार मोठी असते, आणि साधी अँटिबॉडी तपासणी तेव्हा निगेटिव्ह येऊ शकते.

मग ताप उतरतो. शरीर विषाणूला पूर्ण नाही तरी बराच आवरतं. पुढची वर्षं बाहेरून निरोगी दिसतात. आत रोज अब्जावधी विषाणू बनतात आणि मरतात, तेवढ्याच नेटाने शरीर नव्या पेशी बनवतं, आणि थोडं थोडं मागे पडत जातं. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये एरवी पाचशे ते पंधराशेच्या दरम्यान असलेली सीडी-४ पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेली की त्याला एड्स म्हणतात. एरवी जे जंतू आपल्याला काही करत नाहीत ते तेव्हा जिवावर उठतात. फुप्फुसात न्यूमोसिस्टिस, मेंदूच्या आवरणात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी, डोळ्याच्या पडद्यात सायटोमेगॅलो विषाणू. आपल्याकडे या सगळ्यांच्या आधी येतो क्षय. सीडी-४ दोनशेवर असतानाही तो गाठतो, आणि भारतात एचआयव्हीबाधितांचे सर्वाधिक बळी त्यानेच घेतले आहेत.

ही वाट आता कुणालाही चालावी लागू नये. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरवरून साडेतीनशे डॉलरवर आणून दाखवला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. गोळी रोज घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. सिस्टर नोकरी करील, लग्न करील, तिची मुलं निरोगी जन्मतील. हे खरं आहे आणि तिला ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

पण त्या तीन दिवसांत गप्प झालेल्या पेशी तिथेच आहेत. रोजची गोळी चालू असतानाही हा साठा निम्मा व्हायला ४४ महिने लागतात. या वेगाने तो संपायला सत्तरहून जास्त वर्षं जातील, म्हणून गोळी आयुष्यभर घ्यायची. गोळी थांबवली, तर बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत येतो.

हे वाचणाऱ्या कुणाचं घड्याळ आत्ता चालू असेल, सुईमुळे असो, फाटलेल्या निरोधामुळे असो की जबरदस्तीमुळे, तर सोमवारची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्री आणि रविवारीही उघडी असते. तिथे जाऊन "पेप हवं" एवढंच म्हणायचं. बाकी माहितीसाठी १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो, पण पहिली गोळी त्याआधी.